दोन्ही बाजूंनी बोलता येणारा कॅमेरा

धीरज दोन दिवसांची रजा टाकून सुरतेहून आला होता आणि त्यातला पहिला दिवस नंदुरबारात तौफिकच्या दुकानात स्टुलावर बसून चालला होता. घ्यायचा होता एक कॅमेरा. एकच. गावी धानोऱ्याला आई एकटी राहते, ती ठीक आहे ना एवढं तिकडे फोनवर दिसलं की झालं. पण साधी गोष्ट साधेपणाने होऊ देतील तर ते दुकानदार कसले! तौफिकने काउंटरवर सात खोकी मांडली आणि सातही उघडली.

"हाऊ वायफायना, हाऊ तारना. तारना लेशात ते एकाच वायरमा लाईट बी जास नि नेट बी जास. हाऊ फिरस. हाऊ फिरत नही, पन अंधारमा देखस. रेकॉर्डिंग कार्डमा ठेवानं का नेटवर?"

"तौफिकभाई, मला आई दिसली पाहिजे. बस."

"ते दिसतीनच. पन कितली मेगापिक्सेल दिसाले पाहिजे?"

धीरजने कपाळाला हात लावला. आई किती मेगापिक्सेल दिसावी हे त्याला सांगता येईना. तीन महिन्यांपूर्वी त्याची आई गुलाबबाई मोरीत पाय घसरून पडली, आणि सकाळपासून दुपारपर्यंत तशीच ओल्या फरशीवर पडून राहिली. शेजारची रूपलीबाई ताक मागायला आली म्हणून कळलं. सुरतेला चल म्हटलं तर बकरीचं काय, हा प्रश्न. बकरी विकू म्हटलं तर दोन दिवस अबोला. मग राहिला कॅमेरा.

शेवटी तौफिकनेच एक पांढरा, गोल डोळ्याचा कॅमेरा पुढे सरकवला. "हाऊ ल्या. मानूस दिसना का तुमना फोन वाजस. आनि दोन्ही बाजूंनी बोलता येस. तुम्ही तठून बोला, माय आठे आयकी."

"द्या," धीरज म्हणाला. खरं तर त्या क्षणी तौफिकने पिठाची गिरणी पुढे केली असती तरी तो "द्या" म्हणाला असता. पासवर्ड काय ठेवू, असं तौफिकने विचारलं तेव्हा "काहीही ठेवा" म्हणून तो मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी पुढच्या खोलीत, उंबऱ्यासमोरच्या भिंतीवर कॅमेरा बसला. गुलाबबाई कमरेवर हात ठेवून बघत होती.

"हाऊ मन्हाकडे देखी," ती म्हणाली. "मी कोनाकडे देखू?"

"आई, नीट बोल ना जरा. आणि यात बोलताही येतं. मी तिकडून बोलेन तुझ्याशी."

हे 'नीट बोल' जुनं होतं. नववीत तो नंदुरबारच्या वसतिगृहात गेला, तिथे अहिराणीत, 'आहे'ला 'शे' म्हटलं की पोरं खिदळायची. दिवाळीला घरी आला तो 'माय'ची 'आई' करूनच. गुलाबबाईने तेव्हा काही म्हटलं नाही. त्यानंतर कधीच म्हटलं नाही. पण तिच्याशी शुद्ध बोलणाऱ्या लेकाला ती तलाठ्याशी बोलावं तशी जपून, थोडकं उत्तर द्यायची.

सुरतेला परतल्यावर सुरू झाला खरा वैताग. धीरज कापडाच्या रंगाईच्या कारखान्यात सुपरवायझर. तिथे यंत्रांचा गोंगाट, रसायनाचा वास, आणि खिशात दर दहा मिनिटांनी टिंग. माणूस दिसला. बघावं तर बकरी. माणूस दिसला. बघावं तर दोरीवरचं लुगडं. एकदा तर कॅमेऱ्याने पाण्याच्या माठालाच माणूस ठरवलं. मालकासमोर चारदा फोन वाजल्यावर धीरजने सूचनाच बंद करून टाकल्या आणि कॅमेऱ्याला, तौफिकला, बकरीला एका दमात शिव्या घातल्या. फोनवर आईला विचारायचे ते दोनच प्रश्न राहिले. जेवलीस का? गोळी घेतलीस का? बरं, ठेव.

तिसऱ्या आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत डबा उघडताना त्याने सहज बघितलं. गुलाबबाई कॅमेऱ्याखाली पाय पसरून बसली होती. पुढ्यात मिरच्यांचं सूप. देठ खुडता खुडता ती वर बघून बोलत होती आणि हसत होती, तोंडावर पदर घेऊन, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिला असं हसताना धीरजने शेवटचं कधी पाहिलं होतं, आठवेना.

त्याने बोलायचं बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: दुसरा वापरकर्ता बोलत आहे.

"कसला दुसरा वापरकर्ता?" धीरज डब्यावरच खेकसला. त्याने सरळ आईला फोन लावला. "कोणाशी बोलत होतीस?"

"तुन्हासंगे."

"मी नव्हतो."

"चाल रे... थट्टा नको करू. कितला वर्षमा माय म्हना तू माले."

धीरजने डबा न संपवताच झाकण लावलं.

संध्याकाळी त्याने तौफिकला धारेवर धरलं. "'काहीही' म्हटलं म्हणून तुम्ही 'एक-दोन-तीन' असाच पासवर्ड ठेवलात! कोणीतरी शिरलंय आत." तौफिकने फोनवरूनच पासवर्ड बदलायला लावला, मग यादी उघडायला लावली. कॅमेऱ्याला जोडलेले फोन किती ते त्या यादीत दिसतं. यादीत एकच फोन होता. धीरजचा.

"मग बोलतं कोण?"

"तुम्हीच बोलत व्हशात, भाऊ. नेट मांगेपुढे व्हस कधी कधी."

काय उत्तर, व्वा! धीरजने फोन आपटता आपटता वाचवला. आईला बजावलं, की त्या यंत्रातून काहीही ऐकू आलं तरी बोलायचं नाही. मग ती हळूच म्हणाली, "तू दोन मिनिट बोलस आनि ठेवी देस. तो... तू... दुपारभर बोलस ना रे."

आईने जीभ चावली होती. 'तो' म्हणाली होती ती. धीरजला रात्रभर ते एक अक्षर पुरलं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता तो डबा न उघडता कारखान्यामागच्या भिंतीपाशी उभा राहिला आणि त्याने कॅमेरा उघडून फोन डोळ्यांसमोर धरला, आवाज पुरता मोठा केला. आधी नुसती खरखर आली. मग बकरीची घंटी आणि सुपात मिरच्या हलवल्याचा सळसळाट. भर दुपार, लख्ख ऊन, धानोऱ्याच्या घराचं पुढचं दार सताड उघडं. सगळं रोजचं. आणि मग त्या खोलीत कोणी बोललं.

"माय, मिरच्या डोयाले लागतीन. पदर बांधी ले."

आवाज धीरजचा होता. दाढ जरा दाबून बोलायची त्याची लकब, 'ले'वर उतरणारा सूर... फक्त अशी अस्सल अहिराणी त्याला आता बोलता आली नसती. शब्द आठवले असते, ती लय आठवली नसती.

"मी येस, माय. मांगलं दार उघडं ठेवजो."

"ठेवसू रे बेटा," गुलाबबाई म्हणाली. मिरच्यांचा हात झटकून ती उठलीसुद्धा.

धीरजने बटण दाबलं आणि तो भान सोडून ओरडला, "आई! मी धीरज बोलतोय! दार लाव! दोन्ही दारं लाव!"

गुलाबबाई दचकली. तिने वर पाहिलं, मग डावीकडे, मग उजवीकडे. तिच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि ती भीती त्याची होती, त्याच्या आवाजाची. हे त्याला फार लागलं.

"हाऊ कोन बोलना मझार?" तिने विचारलं.

"कोनी नही, माय..." तो दुसरा आवाज शांतपणे म्हणाला. "शहरना कोनी शे. चुकी गया."

आणि चित्र गेलं.

पुढची चाळीस मिनिटं धीरजने आयुष्यात कुणावर काढला नसेल इतका राग त्या फोनवर काढला. आई फोन उचलेना. गाडी संध्याकाळशिवाय नव्हती. रूपलीबाई नवापूरला लेकीकडे गेलेली. उरला तौफिक. "आत्ता जा," धीरज त्याला म्हणाला, "दुकान उघडं टाकून जा. तो कॅमेरा उपटून काढा आणि आईला रस्त्यावर आणून बसवा. मी पाया पडतो तुमच्या, तौफिकभाई." तौफिक बडबड्या होता, पण माणूस चांगला. त्याने काही न विचारता गाडीला किक मारली.

सव्वातीनला त्याचा फोन आला. आवाज जरा नाराजच होता.

"लई लिधा, भाऊ. तार बी लिधी. पन तुम्ही घरीच व्हतात, ते माले कसाले बलावं?"

"काय?"

"उनमा ओटावर उभा व्हतू मी. मायनी कॅमेरा खिडकीमातीन दिधा. मी म्हनं, माय, बाहेर चला. ते घरमातीन तुम्हीच बोलनात... 'तौफिकभाई, लई जा. आते तेन्ही गरज नही.'"

"तुम्ही पाहिलंत मला?"

"नही," तौफिक म्हणाला. "दार लायेल व्हतं. आवाज तुमनाच व्हता, भाऊ... मी आते धानोराना बाहेर शे. माले परत जावाले नका सांगू."

धीरजने पुन्हा आईचा नंबर लावला. यावेळी दुसऱ्याच घंटीला तिने उचलला.

"कोन?"

"आई... मी. मी धीरज. ऐक, तू घराबाहेर ये. आत्ताच्या आत्ता. कोण आहे तिथे? आई, मी निघतोय, तू फक्त बाहेर..."

तो किती भराभर, किती शुद्ध बोलत होता! प्रत्येक वाक्यागणिक तिचा श्वास दूर जातोय हे त्याला कळत होतं आणि दुसरा शब्द सापडत नव्हता. तोंड उघडलं की पुस्तकच बाहेर येत होतं.

गुलाबबाईने फोन तोंडापासून जरा लांब धरला. घरात कुणाला तरी म्हणावं तशी ती म्हणाली, "कोनी तरी शे. तुन्हं नाव सांगी ऱ्हायना."

मग फोनमध्ये, परक्या माणसाशी बोलावं तशा जपून, अदबीने, "राँग नंबर शे, भाऊ. मन्हा पोऱ्या घर येल शे."

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. तो बंद करायचं तिच्या लक्षात आलं नाही. धीरज भिंतीला टेकून ऐकत राहिला. तव्यावरचा हात, ताटाची किणकिण, आणि वर्षानुवर्षांत न ऐकलेला तिचा तो मोकळा, भरलेला आवाज.

"भाकर वाढू का आखो?"

"अर्धीच दे," तोंडात घास असताना बोलावं तसं, त्याच्या आवाजात उत्तर आलं. "आते मी आठेच शे."