चौथ्या गिअरवर

पारशिवनीजवळच्या शेतात रोडग्यांची पार्टी होती. गोवऱ्यांच्या धगीत कणकेचे गोळे, म्हणजे रोडगे, भाजत होते, वांग्याच्या भाजीवर तर्री आली होती आणि सगळे मिळून मारोतरावांच्या जुन्या पेट्रोल गाडीची थट्टा करत होते. येताना ती चढावर बंद पडली होती. नातेवाइकांनी उतरून ढकलली, तेव्हा कुठं शेतापर्यंत पोचली.

"काकाजी, आता सोडा तिले," मयुरा म्हणाली. मारोतरावांची ही पुतणी नागपूरच्या एका कॉलेजात गाड्यांचं इंजिनिअरिंग शिकवायची आणि नवीकोरी इलेक्ट्रिक गाडी घेऊन आली होती.

"काहून सोडू? तुह्या या मिक्सरले हरवून दाखवतो. हरलो तं उद्याच भंगारात देतो!"

बोलले हसत, पण त्यांच्या बायकोचा, रंभाकाकूंचा, चेहरा उतरला. त्यांची पोरं त्याच गाडीच्या मागच्या सीटवर झोपत-भांडत मोठी झाली होती.

शेतामागं बायपासचा नवा रस्ता होता, सरळसोट, अजून रहदारीला न उघडलेला. दोन्ही गाड्या शेजारी लागल्या. मारोतरावांची मुलगी करिष्मा पुढं गेली आणि तिनं ओढणी फडकवली.

मयुरा वर्गात शिकवायची तेच घडलं. पाय दाबताच मोटारीनं सगळा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, एकदम चाकांना दिला. तिची पाठ सीटला चिकटली. काकाजींच्या इंजिनाला आधी फेरे वाढवावे लागत होते. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. दर वेळी क्लच दाबला की ओढ तुटायची. पुढं वेग आल्यावर हॉर्सपॉवर कामाला आली, अंतर कमीही होऊ लागलं, पण तोवर लिंबाचं झाड आलं. तिथंच शर्यत संपायची होती.

पोरं नाचली. हा सगळा टॉर्कचा खेळ, असं मयुरानं त्यांना समजावलं. मारोतराव मात्र स्टिअरिंगवरून हात फिरवत बसले.

"एकदा अजून," रंभाकाकू म्हणाल्या. "माह्यासाठी वं, मयुरा."

गाड्या पुन्हा मागं नेऊन लावल्या आणि ओढणी फडकली.

मयुराची गाडी उसळली आणि मध्येच अडखळली. पुन्हा ओढ, पुन्हा अडखळ. कुणीतरी क्लच दाबून गिअर बदलावा तशी. या गाडीत क्लच नव्हता. बदलायला गिअरही नव्हते.

आणि शेजारून काकाजी गेले. आवाज नाही, धक्का नाही, एकाच सलग ओढीत. मयुराला त्यांचं हसणं तेवढं स्वच्छ ऐकू आलं.

लिंबापाशी पोचली तेव्हा रंभाकाकू टाळ्या पिटत होत्या. करिष्मानं मागून धावत येऊन वडिलांना मिठी मारली. काकांचा तो चेहरा पाहून मयुरालाही हसू फुटलं. हरल्याचं तिला काहीच वाटलं नाही. तरी ती त्यांच्या गाडीत शेजारी जाऊन बसली.

"परत एकदा चालवून दाखवा, काकाजी."

गिअरचा दांडा चौथ्यात होता. उभी गाडी चौथ्यात कुठलंही इंजिन उचलू शकत नाही, आचका देऊन बंद पडतं. काकाजींनी पाय दाबला. मयुराची पाठ सीटला चिकटली.

इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा शून्यावर होता.

"काकाजी, गिअर बदलला नाही तुम्ही."

"गरजच नाही पडली वं! तू टॉर्क टॉर्क म्हणत होती, थो हाच का?"

"हो," ती म्हणाली.

मग पोरांना, बायांना, सगळ्यांना फेऱ्या हव्या होत्या. खिडक्यांतून ओढण्या उडत होत्या. रोडगे पार करपले, ते तुपात बुडवून सगळ्यांनी हसत खाल्ले. "आता हे गाडी मी मेल्यावरच जाईन," मारोतरावांनी जाहीर केलं आणि रंभाकाकूंनी त्यांच्या पाठीत गुद्दा घातला.

परतताना मयुरा त्यांच्या मागंमागं आली. तिची गाडी आता नेहमीसारखी चालत होती. पुढची गाडी प्रत्येक सिग्नलवरून पाण्यासारखी निघत होती, आणि तिच्या मागच्या नळीतून धूर येत नव्हता.

नागपुरात, जरीपटक्यातल्या काकाजींच्या घरासमोर गाड्या लागल्या तेव्हा ऊन रणरणत होतं. आतून काकूंनी सरबताला हाक मारली. हसण्याचे आवाज येत होते. मयुरानं काकाजींच्या गाडीचं बॉनेट उचललं. पत्र्याचा चटका बसला, तिनं हात झटकला आणि मग सावकाश इंजिनावर ठेवला.

लोखंड गार होतं. त्यावर दव पडलं होतं.