मुलं : नाहीत

अभिलेखागाराच्या पोलादी दारातच शिमोनकाकांनी दोन्ही हात पुढे केले. दिबोराने सवयीने आपले हात त्यांच्या हातांत दिले आणि मग दोघांनी आपापली बोटं ओठांना लावली. अलिबाग-रेवदंड्याकडच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, लोकांत याला हात बोशी म्हणतात. स्पर्श घ्यायचा आणि त्याचं चुंबन घ्यायचं, इतकंच. आल्प्सच्या पायथ्याशी, एका बंद पडलेल्या मिठाच्या खाणीत, जमिनीखाली कित्येक मजले उतरून आल्यावर हा नमस्कार आपल्याला कोणी करेल असं दिबोराला वाटलं नव्हतं.

"हातमोजे," मागून डॉ. लिविया कॉर्सो शांतपणे म्हणाल्या. "इथे सगळं हातमोज्यांनीच."

लिविया या अभिलेखागाराच्या प्रमुख. ज्यूंच्या नरसंहारातली कागदपत्रं, छळछावण्यांची सरकारी दप्तरं, कैद्यांच्या वह्या, चिठ्ठ्या, फोटो असं सगळं या खाणीत ठेवलेलं होतं, कारण मीठ दमट हवा शोषून घेतं. दिबोरा झिराडकर पुण्याची, जीवरसायनशास्त्रातली, वय सत्तावीस. तिने बनवलेलं यंत्र घेऊन ती महिन्याभरापूर्वी इथे आली होती. आणि शिमोन किहीमकर, वय अठ्ठ्याऐंशी, रेवदंड्याच्या बर्फाच्या कारखान्यातले निवृत्त फोरमन, हे तिच्या यंत्रापुढचा पहिला प्रश्न होते.

"माझी कथा लांबलचक नाही," काका खुर्चीत बसत म्हणाले. "इथल्या छावणीतून धोब्याच्या गाडीत, मळक्या चादरींखाली मला बाहेर काढलं. चार-पाच महिन्यांचा असेन. एका मठात वाढलो. युद्ध संपल्यावर, तिथे लढायला आलेल्या आपल्या हिंदी फौजेच्या इस्पितळातले कंपाउंडर, एलायजा किहीमकर, मला घेऊन कोकणात आले. तिथे माझे घारे डोळे बघून मास्तर मला कोकणस्थ समजायचे. आडनाव ऐकलं की बिचारे गोंधळायचे." ते हसले. मग हसू ओसरलं. "आईबापांनी मला काही कमी केलं नाही. पण मला जन्म कोणी दिला, तिचं नाव काय, हे मरायच्या आधी कळलं तर बरं. बस, एवढंच."

दिबोराने त्यांचं बोलणं लिवियांना इंग्रजीत सांगितलं.

"यांना तुमचं स्पर्शवाचन समजावून सांगा," त्या म्हणाल्या. "आणि माझी अडचणही सांगा. लपवू नका."

दिबोराने कोरा कागद टेबलावर ठेवला. "काका, आपण कागदाला बोट लावलं की त्वचेतलं तेल त्याच्या तंतूंत मुरतं. हवेतला ऑक्सिजन त्या तेलाचे रेणू तोडत जातो. अगदी ठरावीक क्रमाने. कुठले रेणू किती तुटलेत ते मोजलं की कळतं, हा स्पर्श कालचा, वीस वर्षांपूर्वीचा की ऐंशी वर्षांपूर्वीचा. याला मी तैलघड्याळ म्हणते. त्याच तेलात कातडीच्या पेशी अडकलेल्या असतात. त्यांच्यातली जनुकं सांगतात, स्पर्श कोणाचा. तुमच्या लाळेचा नमुना माझ्याकडे आहे. तुमच्या आईचा स्पर्श समोर आला, तर यंत्र ओळखेल."

"आणि अडचण?"

"मी ज्या पातळ पटलाने तेल टिपून घेते, ते तेल उचलूनच घेतं. एका जागेचं वाचन एकदाच होतं."

"ती तुमची अडचण झाली," लिविया म्हणाल्या. "माझी अशी की, हा युद्धकाळातला कागद हलक्या लगद्याचा आहे. त्यातलं आम्ल त्याला आतून खातंय. क्षारकुंडात बुडवला तर आम्ल मरतं आणि कागद दोन-तीनशे वर्षं टिकतो. अक्षरं राहतात. तेल मात्र धुऊन जातं. आणि नाही बुडवला, तर काही वर्षांत कागदाचा भुगा होतो. मग अक्षरंही नाहीत आणि तेलही नाही."

दिबोराने ते मराठीत सांगितल्यावर काकांनी विचारलं, "म्हणजे बाईंना अक्षर वाचवायचंय आणि तुला बोट?"

"असंच काहीसं," दिबोरा म्हणाली.

छावणीत आलेल्या प्रत्येक माणसाचं एक कार्ड बनत असे. पहिल्या टेबलावरचा कारकून ते भरायचा, आणि मग कैद्यानेच ते हातात धरून दुसऱ्या टेबलापर्यंत न्यायचं, अशी तिथली पद्धत होती. छळणाऱ्यांच्या या शिस्तीमुळे एक गोष्ट घडून गेली होती, जी त्यांच्या स्वप्नातही नसेल. प्रत्येक कार्डावर, ते ज्याचं होतं त्याचा हात होता. पहिल्यांदा हे उमगलं तेव्हा दिबोरा दोन कपाटांच्या मधल्या वाटेत थबकली होती. जमिनीपासून छतापर्यंत नुसते हात.

लहान मुलांना वेगळं कार्ड नसे. आईच्या कार्डावर 'मुलं' असा रकाना होता, त्यात आकडा टाकत. त्यामुळे तान्ही मुलं असलेल्या बायकांची कार्डं दिबोराने आधी काढली. त्यांतली बहुतेक धुतलेली निघाली.

"साहजिक आहे," लिविया म्हणाल्या. "नातेवाइकांनी ज्यांची चौकशी केली, ती कार्डं आम्ही आधी वाचवली. लोक ती बघायला येत होते. ती जास्त फाटत होती."

जपायच्या म्हणून जपलेल्या कागदांवरून स्पर्श निघून गेला होता. दिबोराला राग आला, पण तो कोणावर काढावा हे तिला कळेना. उरलेल्या न धुतलेल्या कार्डांवर काकांचं कोणी सापडलं नाही.

ती प्रयोगशाळेत परत आली तेव्हा काका थर्मासमधला चहा कपात ओतत होते. "तोंड बघून कळलं," ते म्हणाले. "बस. चहा घे."

"काका, रेल्वेत चढवताना माणसं मोजायचे ना?"

"मोजायचेच. मठातली बाई सांगायची."

"एक मूल कमी भरलं असतं तर गोंधळ उडाला असता. धोब्याला पकडलं असतं, तुमच्या आईलाही. पण दप्तरात असा कसलाच गोंधळ नोंदलेला नाही." बोलता बोलता ती थांबली. कप तसाच हातात राहिला. "कारण मोजणीत मूल कमी झालंच नाही. ते मोजणीत नव्हतंच. मी चुकीची कार्डं बघत होते. ज्या कार्डांवर 'मुलं : नाहीत' असं लिहिलंय, ती बघायला हवीत."

दिबोराने हे सांगितल्यावर लिवियांनी कपाळ चोळलं. "अशा तरुण बायकांची कितीतरी कार्डं आहेत. ज्यांची कधी कोणी चौकशी केली नाही, कारण करायला घरात कोणी उरलंच नाही, त्यांचा गठ्ठा सोमवारी कुंडात जायचा आहे. त्यांच्या कडा गळायला लागल्यात, दिबोरा. तुम्ही वाचत बसाल आणि एखादीचं नावच गळून पडेल. त्या बाईचं या जगात तेवढं एकच नाव शिल्लक असेल."

ते खरं होतं. दिबोराने हातातला कप खाली ठेवला.

मग लिवियाच म्हणाल्या, "सोमवार पुढे ढकलते. आधी सगळ्यांचे फोटो काढू. मग वाचा. गळालं तर जबाबदारी माझी."

वाचन सुरू झालं. दिबोरा पटल ठेवायची, उचलायची, यंत्रात सरकवायची. पडद्यावर अनोळखी स्पर्श उमटत. बोटं थरथरत असावीत असे फरफटलेले, तर काही इतके घट्ट की तेल कागदाच्या पाठीपर्यंत उतरलेलं. इतक्या वर्षांत या हातांना कोणी भेटलं नव्हतं. दिबोरा नकळत प्रत्येक कार्ड परत ठेवताना त्यावरचं नाव मनाशी म्हणू लागली.

दुसऱ्या आठवड्यात एका कार्डाच्या उजव्या खालच्या कोपऱ्याजवळच्या स्पर्शावर यंत्राने तांबडा दिवा लावला. जुळणी झाली होती, पण नातेवाइकाची नव्हे. पडद्यावर शब्द होते : 'नमुन्याशी पूर्ण समान. दूषित असण्याची शक्यता.'

लिवियांनी ते वाचलं. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "पूर्ण समान म्हणजे तो माणूस स्वतः. शिमोन यांनी या कार्डाला हात लावलाय?"

"त्यांनी अजून एकही कार्ड पाहिलेलं नाही."

"मग तुम्ही. त्यांचे हात हातात घेता, बोटं ओठांना लावता, आणि मग इथे येता. रोज बघते मी."

दिबोराचे कान तापले. हात बोशी. मोजे घालण्याआधी हात धुतले होते का? तिला खात्रीने आठवेना. एका बाईचा एकमेव स्पर्श आपण आपल्या घरच्या रीतीने बिघडवला, असं तिला वाटलं. तिने तैलघड्याळाचा आकडा मागितला. निदान चूक कोणत्या दिवशी झाली ते तरी कळेल.

आकडा आला. तिने तो लिवियांना दाखवला.

अठ्ठ्याऐंशी वर्षं, दोन-तीन वर्षं इकडे-तिकडे.

"हे कार्ड खणातून कधी बाहेर निघालंय?" तिने विचारलं.

लिवियांनी नोंद पाहिली. "कधीच नाही. नोंदीत एवढंच आहे, की उजवा खालचा कोपरा किडीने खाल्लाय. नोंद मीच केलीय."

त्यांनी भिंग ओढलं. कोपरा कुरतडलेला नव्हता, चेपलेला होता. तंतू ओले होऊन मऊ झाले होते आणि तसेच वाळले होते. कीड कागद कापते. इथे काही कापलेलं नव्हतं, कारण ज्याने हे केलं त्याला दातच नव्हते.

दिबोराने कोपऱ्याच्या अर्ध्या भागावर पटल ठेवलं. तिथे तेल नव्हतं, लाळ होती, आणि लाळेत मिसळलेली दुधाची प्रथिनं. आईचं दूध म्हणजे नुसतं अन्न नसतं, त्यात तिच्या जिवंत पेशी उतरलेल्या असतात. यंत्राने त्यांतली जनुकं वाचली. मग कार्डाच्या उजव्या कडेवर घट्ट रुतलेल्या अंगठ्याशी ती पडताळली; डाव्या कडेवरचा अंगठा दिबोराने न वाचता ठेवला. एकच बाई. आणि तिचं काकांच्या लाळेच्या नमुन्याशी नातं : माता.

दोघी त्या कार्डावर वाकल्या. नाव, वय बावीस, धंदा शिवणकाम. त्याखाली स्वच्छ, वळणदार अक्षरात : मुलं, नाहीत.

"ते मूल तिच्या छातीशी बांधलेलं होतं," लिविया हळूच म्हणाल्या. "दुसऱ्या टेबलाकडे जाताना त्याने हे कार्ड चोखलं. आणि त्याआधी पहिल्या टेबलामागच्या माणसाने त्याच्याकडे बघत 'नाहीत' असं लिहिलं."

"तो कारकून कोण?"

"तोही बहुतेक कैदीच. आता माहीत नाही." त्यांनी दिबोराकडे पाहिलं. "म्हणजे, अजून माहीत नाही. त्याचाही हात यावर असेलच."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काकांना सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "नाव वाच."

"अल्लेग्रा फोर्ती."

त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं, रेवदंड्याच्या हेलात. "हे नाव मला आधी माहीत असतं, तर मी तरुणपणीच पत्र टाकून चौकशी केली असती."

दिबोराने ते इंग्रजीत सांगितलं. "आणि आम्ही कार्ड धुऊन ठेवलं असतं," लिविया म्हणाल्या. दिबोराने तेही काकांना मराठीत सांगितलं. त्यांना आईचं नाव माहीत नव्हतं, म्हणूनच आई उरली होती.

"कोपऱ्याचा अर्धा भाग अजून वाचलेला नाही," दिबोरा म्हणाली. "वाचला तर ते दूध संपेल. न वाचता हे एकच कार्ड कुंडाबाहेर, वायुरहित पेटीत ठेवता येईल. तुम्ही म्हणाल तसं."

"राहू दे. माझं पिऊन झालंय." ते किंचित हसले. मग काचेच्या तबकातल्या कार्डाकडे त्यांनी मान वळवली. "हात लावला तर बिघडेल?"

दिबोराने लिवियांकडे पाहिलं. लिविया उठल्या आणि त्यांनी हातमोज्यांचा डबा आपल्याकडे ओढून घेतला.

"लावा," दिबोरा म्हणाली. "तुमचा आजचा स्पर्श वरच्या थरात राहील, तिचा खालच्या. मधे अठ्ठ्याऐंशी वर्षं आहेत. पुढे कोणी वाचलं तरी यंत्र दोघांना वेगळं ओळखेल."

काकांनी कार्डाच्या डाव्या कडेवर, जिथे आईचा न वाचलेला अंगठा रुतला होता तिथे, आपलं बोट टेकवलं. मग ते बोट त्यांनी ओठांना लावलं.