शून्याचं टोक

पटवून द्यायला मी बसलेलो नाही. घडलं ते सांगतो. मोजणीच्या ज्या टेपची ही गोष्ट आहे, ती आत्ताही आमच्या कपाटावर आहे. हल्ली मी तिला हात लावत नाही.

भुतं रात्रीच निघतात म्हणणाऱ्यांसाठी वेळही सांगून ठेवतो. मंगळवार. दुपारचे सव्वातीन. डोकं तापवणारं ऊन.

माझी बायको जमीनमोजणीच्या खात्यात आहे. तिच्या मापात चूक सापडत नाही. माझं वाढलेलं पोटसुद्धा ती नजरेनेच सेंटिमीटरमध्ये सांगते. त्या आठवड्यात तिच्याकडे एक फाईल आली. नकाशावर एक गाव होतं. रस्ते, शाळा, दवाखाना, ओळीने घरं. आणि नावापुढे कंसात एक शब्द...

नियोजित.

अडतीस वर्षांपूर्वी गाव आखलं आणि योजना बारगळली. एक वीट चढली नाही. पण नकाशावरून ते कुणी पुसलंच नाही. आता जागेवर जायचं, खात्री करायची, सही करायची. एवढंच काम.

"मी येते," मावशी म्हणाली.

ही बायकोची मावशी. बायकोची आई लहानपणीच गेली, हिनेच वाढवलं. माय मरो, मावशी उरो म्हणतात, ते आमच्या घरी शब्दशः खरं आहे. मावशीने लग्न केलं नाही. ठरलं मात्र होतं. तिचा नियोजित नवरा मोजणीदार होता. याच गावाची आखणी करायला गेला...

आणि परत आला नाही.

तंबूत सामान जसंच्या तसं मिळालं. तो मिळाला नाही.

जाण्याआधी त्याने गंमत म्हणून मावशीला मोजणी शिकवली होती. टेपचं शून्याचं टोक जो धरतो, त्याला एकच नियम. समोरचा 'सोड' म्हणेपर्यंत सोडायचं नाही.

पुढे लग्नाचा विषय निघाला की मावशी म्हणायची, "तो अजून सोड म्हणाला नाही ना." आम्ही हसायचो.

त्या दोघीच गेल्या. बायको सांगते, जागेवर नुसतं माळरान होतं. गवतात ओळीने पुरलेले हद्दीचे दगड. मावशी कुणाला न विचारता तरातरा चालत गेली आणि एका दगडाशी थांबली. त्यावर कोरलं होतं, ११४.

"हा आमच्या घराचा," ती म्हणाली. "दे टेप. शून्य मी धरते."

बायको टेप घेऊन पुढच्या दगडापर्यंत गेली. तीस मीटर.

वारा नव्हता. पाखरूही नव्हतं...

"शून्य?"

आवाज पुरुषाचा होता. बायकोच्या अगदी कानामागून आला.

तिने वळून पाहिलं. गवत.

आणि तिकडून मावशीने उत्तर दिलं, "धरलंय."

उन्हाने कान वाजतात, असं बायकोने स्वतःला समजावलं. आकडा लिहायला हात मोकळे हवेत म्हणून तिने टेप सोडली. वही उघडली. मग सहज नजर गेली...

टेप खाली पडली नव्हती.

कमरेच्या उंचीवर, ताठ ताणलेली होती.

परतताना गाडीत मावशीने विचारलं, "काय लिहिणार?"

"जे आहे ते. गाव नाही म्हणून."

"नियोजित म्हणजे नाही असं नसतं गं. ठरलेलं असतं. राहू दे त्याला नकाशावर. पुसलंस तर तो जाईल कुठे?"

बायकोने सही केली. खोटं लिहायला तिचा हात वळत नाही. शिवाय तिला वाटलं, गाव एकदाचं गेलं की मावशीही सुटेल. ते वाटणं आता तिला खातंय.

महिन्याभराने नवा नकाशा आला. गाव नव्हतं.

त्याच दुपारी, सव्वातीनला, मावशीच्या बंद खोलीतून...

"शून्य?"

"धरलंय."

"तीस."

बायकोने दार ढकललं. मावशी पलंगावर एकटीच बसली होती. मूठ छातीशी आवळलेली. मुठीत काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आकडा आला, सत्तावीस. मग तेवीस. तोही मी स्वतः ऐकला.

मावशीला चार दिवस बायकोच्या भावाकडे नेऊन ठेवलं. तिथेही सव्वातीन चुकले नाहीत.

बायको साहेबांकडे गेली. गाव परत घाला म्हणाली. साहेब हसले. "मॅडम, नसलेलं गाव काढायला एक सही पुरते. घालायचं तर आधी वसवावं लागेल."

मावशी मात्र खुशीत आहे. साड्या वाटून टाकल्या. ट्रंक भरून दाराशी ठेवली. बायको तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, "मूठ उघड ना मावशी. सोड."

मावशीने मोकळ्या हाताने तिचे केस सारखे केले. "तू सोड म्हणून काय उपयोग, पोरी?"

काल आकडा होता... चार.

मावशीचा पलंग भिंतीला लागून आहे. तिथून समोरच्या भिंतीपर्यंत खोली तीन मीटर साठ. बायकोने तीनदा मोजली.

म्हणजे काल तो भिंतीच्या बाहेर उभा होता.

आज आम्ही दोघांनी रजा टाकली आहे. बायको आत मावशीजवळ बसली आहे. मी दाराबाहेर बसून हे लिहितोय. बायकोला एकच आशा आहे, तो एकदा 'सोड' म्हणेल आणि मावशी मोकळी होईल.

मलाही तसंच वाटत होतं. पण मघाशी डोकावून पाहिलं. मावशीची एक मूठ तशीच आवळलेली आहे. दुसरा हात बायकोने दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला आहे.

तेव्हापासून माझ्या मनात एकच घोळतंय. तो 'सोड' म्हणेल, ते त्या दोघींपैकी कुणाला?

तीन वाजून तेरा मिनिटं झाली आहेत.