अनुषाची एंट्री

रविवारी दुपारी क्षमा यशवंतपूरच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडत होती. मोबाइलवर काढलेली तिची छोटीशी फिल्म आज पहिल्यांदाच लोकांना दाखवायची होती. सुरुवात कशी करायची, ते धाकट्या बहिणीने, अनुषाने ठरवलं होतं.

"नुसती लावलीस तर लोक फोनच बघत बसतील, अक्का. आधी दिवे घालव. मी हिरव्या साडीत मागच्या दारानं येते, लोकांमधून चालत पडद्यामागे जाते. तेवढ्यात पडद्यावर दार उघडेल आणि मीच आत येईन."

गेल्या महिन्यात डेंगीने अनुषा गेली. तेव्हापासून क्षमाला काही जाणवतच नव्हतं. समोर येईल ते काम ती करत राहायची. मंडळाचे मल्हारराव म्हणाले, "पुढं ढकलूया की."

"नको. तिनं ठरवलंय तसंच करू."

ती साडी नेसून चालायला मावसबहीण हर्षिता तयार झाली. फिल्ममध्ये आईचं काम आईनंच केलं होतं, पण ती घरीच थांबली. महिनाभर ती कुणाशी बोलली नव्हती.

दिवे गेले. मागचं दार किरकिरलं. हिरवी साडी खुर्च्यांमधून सावकाश पुढे निघाली. कुजबुज थांबली. लॅपटॉपपाशी बसलेल्या क्षमाच्या अंगावरून मोगऱ्याचा वास गेला, आणि त्याच्या मागोमाग दवाखान्याचा. साडी पडद्याआड गेली. क्षमाने बटण दाबलं.

कुणीतरी तिच्या खांद्याला हात लावला. हर्षिता. जीन्समध्ये, धापा टाकत. हातातल्या पिशवीत हिरवी साडी, घडी न मोडलेली.

"सॉरी, अक्का... चिकपेटात ऑटोच मिळेना... आता नेसू का?"

"नको," क्षमा म्हणाली. "बस."

पडद्यावर दार उघडलं. आत कुणीच आलं नाही. आई रिकाम्या उंबऱ्याकडे बघून हसली, "ये गं. किती उशीर..." आणि शेवटपर्यंत एकटीच बोलत राहिली. लोकांना वाटलं, फिल्म अशीच आहे. टाळ्या पडल्या. क्षमाने पडद्यामागे जाऊन पाहिलं. नुसती भिंत होती.

घरी येऊन ती बाहेरच्या खोलीत दिवा न लावताच बसली. स्वयंपाकघरातून कॉफीचा दरवळ आला, आणि आईचा आवाज. चांगला मोकळा.

"साखर स्वल्पच घातलीय, बघ..."

मग जरा वेळ काहीच नाही. जणू आई कुणाचं तरी ऐकून घेत होती.

"सरी, सरी, बरं बाई. जा, अक्काला हाक मार. निवतेय."

क्षमा तशीच बसून राहिली, हाकेची वाट बघत.