अकराव्या खणातली क्रियापदे

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता ग्रंथपालाने अकरावा खण नेहमीच्या जोराने ओढला आणि तो इतका हलका निघाला की ग्रंथपाल दोन पावले मागे कोलमडला. खणात कार्डे ओवून ठेवायची पितळी सळई तेवढी होती. अठराशे कार्डे नाहीशी झाली होती.

त्याने मावशीला फोन लावला. मावशी चाळीस वर्षे एका छापखान्यात मुद्रितशोधक होती. निवृत्तीनंतर चुका काढायला तिला आता फक्त माणसेच उरली होती.

"मावशी, चोरी झालीय."

"काय गेलं?"

"क्रियापदं."

"कुणाची?"

"चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजांची."

"म्हणजे पोलीस काही येत नाहीत," मावशी म्हणाली. "थांब, मीच येते."

ती पोहोचली तेव्हा संस्थेच्या कोश-दालनात विद्वत्तेचा नेहमीचा देखावा मांडलेला होता: उंच खिडक्या, लांब टेबल आणि उंच आवाजात बोलणारा एक माणूस. हे कोशाचे प्रमुख. जुन्या इंग्रजी पुस्तकांत क्रियापदे कोणकोणत्या रूपांत लिहिली गेली, याचा कोश इथे तयार होत होता. एका रूपाला एक कार्ड. त्यावर ते रूप, त्याचे वाक्य, पुस्तक, पान आणि कार्ड लिहिल्याची तारीख. ही कार्डे बावीस वर्षे एकच व्यक्ती मूळ पुस्तकांवरून पेन्सिलीने उतरवत होती: नकलनवीस बाई. त्या खिडकीजवळ हात बांधून उभ्या होत्या. त्यांच्या समोर संस्थेचे अध्यक्ष बसले होते आणि अध्यक्षांसमोर बाईंच्या बडतर्फीचे पत्र होते, टंकून तयार. सही तेवढी राहिली होती.

"यात शोधायचं काय आहे?" प्रमुख म्हणाले. "आजपासून कार्डांचं छायांकन सुरू होणार होतं. जगभरचे अभ्यासक ती तपासणार होते. बाईंच्या घोडचुका चव्हाट्यावर आल्या असत्या. म्हणून त्यांनीच ती गायब केली."

"सर, बावीस वर्षांत तुम्ही माझं एक तरी कार्ड तपासलंत का?" बाईंनी विचारले.

"मला मोठी कामं असतात."

मावशीने त्या मोठ्या कामांकडे, म्हणजे प्रमुखांच्या हातातल्या चहाच्या कपाकडे, क्षणभर पाहिले.

"किल्ल्या किती?" तिने भाच्याला विचारले.

"तीन. माझी, बाईंची, सरांची. शनिवारी दुपारी एकला आम्ही तिघांनी मिळून दालन बंद केलं. तेव्हा खण भरलेला होता, मी स्वतः पाहिला. बाहेर जाताना पहारेकरी प्रत्येकाची पिशवी उघडून बघतो. शनिवार-रविवारी त्याला कुणाकडेही काही सापडलं नाही."

"अकराव्या खणात काय होतं?"

"एकाच पुस्तकाची कार्डं. एक प्रेमकथा आहे. मूळ प्रत त्या लोखंडी कपाटात असते."

मावशी बाईंच्या टेबलाशी गेली. खणात न गेलेले एकच कार्ड एका उथळ तबकात पडले होते. त्याच पुस्तकाचे, तारीख शनिवारची.

"हे जाता जाता लिहिलं," बाई म्हणाल्या. "आज ओवणार होते."

कार्डावर गोल, शाळेच्या फळ्यावर शोभेल असे अक्षर. फक्त पानाच्या जागी ७४ वर काट मारून कुणीतरी वर ४७ केले होते. दोन आकड्यांवरून हस्ताक्षर ओळखू येत नाही.

"हे तुम्ही केलंत?"

"नाही हो! पुस्तकात असतं तेच मी लिहिते. खाडाखोड झाली तर कार्ड फाडून नवं करते."

"तू?"

"मी कार्डांना हात लावत नाही, मावशी. माझं काम पुस्तकांचं."

"मग त्या पुस्तकाची तुझी नोंद दाखव."

सहा वर्षांपूर्वी भाच्याने स्वतः लिहिलेली ती नोंद चार ओळींची होती. बांधणी चामड्याची. पाने ब्याण्णव. कडांना वाळवी. आकड्यांत छपाईचे दोष. मावशीने ती वाचली, मिटली आणि कार्ड घेऊन प्रमुखांसमोर जाऊन बसली.

"हे पुस्तक तुमच्या अभ्यासाचं ना?"

"अभ्यासाचं? तीस वर्षं त्याच्याबरोबर संसार केलाय मी. ‘एथ’ची जुनाट शेपटी टाकून क्रियापदांना ‘एस’ लावणारा, ‘लव्हेथ’चं ‘लव्हज’ करणारा पहिला लेखक हाच, हा माझा सिद्धांत चार विद्यापीठांत शिकवतात."

"मूळ प्रतीवरून मांडलात?"

"हा काय प्रश्न झाला?"

"छापखान्यातली बाई मी, माझे प्रश्न असलेच. हे कार्ड बघा. चौऱ्याहत्तरचं सत्तेचाळीस केलंय. बरोबर आहे का?"

प्रमुखांनी कार्डावर नजर टाकली आणि हसले.

"अगदी बरोबर. नायिका पत्र जाळते तिथलं वाक्य. पान सत्तेचाळीस. झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. अध्यक्षमहाराज, बघा! साधा आकडा धड उतरवता येत नाही, आणि ही आमची नकलनवीस."

अध्यक्षांनी पेनाचे टोपण काढले.

"एक मिनिट," मावशी म्हणाली. "भाच्या, पुस्तक आण."

ग्रंथपालाने लोखंडी कपाट उघडून पुस्तक उशीवर ठेवले आणि पाने उलटली. शेहेचाळीस. पुढच्या पानाच्या कोपऱ्यात काळाभोर, ठळक आकडा: चौऱ्याहत्तर. त्याच्यापुढे अठ्ठेचाळीस. मधल्या पानावर नायिका पत्र जाळत होती.

अध्यक्षांनी पेन खाली ठेवले.

"खिळे जुळवणाऱ्यानं सात आणि चारचे खिळे उलट्या क्रमानं बसवले," मावशी म्हणाली. "आमच्याकडेही व्हायचं. फरक इतकाच, की आमच्याकडच्या चुकीवर कुणी सिद्धांत मांडला नाही."

"यानं काय सिद्ध होतं?" प्रमुखांचा आवाज चढला.

"क्रमानं सांगते. कार्ड शनिवारी दुपारी लिहिलं गेलं. दुरुस्ती त्यानंतर झाली, दालन बंद असताना. म्हणजे ज्यानं खण रिकामा केला त्याचीच ती. टेबलावर हे कार्ड दिसलं आणि त्यातली चूक सुधारल्याशिवाय त्याला राहवेना. चोरी करतानाही ज्याला दुसऱ्याला शिकवायचं असतं, असा माणूस फक्त तुमच्याच धंद्यात सापडतो. आता पुस्तकात ब्याण्णव पानं. नुसतं कार्ड बघून चौऱ्याहत्तर चूक आहे असं कुणाला वाटेल? ज्याला ते वाक्य कुठलं हे तोंडपाठ आहे त्यालाच. पण ज्यानं हे पान एकदा तरी डोळ्यांनी पाहिलंय, तो हा आकडा खोडणार नाही. बाईंनी ते पाहिलंय. माझ्या भाच्यानं पाहिलंय, दोष नोंदवूनही ठेवलाय. राहिलं कोण? ज्याला पुस्तक पाठ आहे आणि ज्यानं ते कधी उघडलेलं नाही, असा एकच माणूस."

"मग यांनी वाचलं काय?" अध्यक्षांनी विचारले.

"शंभर वर्षांपूर्वीची सुधारलेली आवृत्ती," ग्रंथपाल हळूच म्हणाला. "सरांच्या टेबलावर कायम तीच असते."

त्याने ती आणून ठेवली. समासात मूळ पानांचे आकडे छापले होते, संपादकाने नीटनेटके करून: शेहेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस.

"ज्या शहाण्यानं आकडे सुधारले, त्यानं क्रियापदं सोडली असतील का?" मावशीने बाईंकडे पाहिले.

"बहुतेक सगळी बदललीत," बाई म्हणाल्या. "मुळात पानोपानी ‘एथ’ आहे. ‘एस’ शोधून सापडत नाही. मला वाटायचं सरांना ठाऊक असेल, त्यांनी कुठेतरी खुलासा केला असेल. मी कोण विचारणार?"

"यांचा पहिला नव्या वळणाचा लेखक म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा एक संपादक," मावशी म्हणाली. "आणि अकरावा खण म्हणजे या गोष्टीचे अठराशे साक्षीदार. छायांकनाआधी यांनी तो पहिल्यांदाच चाळला असणार आणि पानोपानी ‘एथ’ दिसलं असणार. आज त्यांची छायाचित्रं निघाली असती. मूळ प्रत कोण उघडतंय? सगळे कार्डांवरच विसंबतात. कार्डं गेली, बाई गेल्या, की सिद्धांत यांच्या हयातीपुरता सुरक्षित."

"कार्डं दाखवा! कुठे आहेत कार्डं?" प्रमुख ओरडले.

"इमारतीतच. पहारेकरी पिशव्या बघतो. तुमच्या खोलीतल्या कपाटाची किल्ली द्या."

किल्ली द्यायला त्यांनी इतका वेळ लावला की उत्तर आधीच मिळाले. कपाटात प्रमुखांच्या ग्रंथाच्या साठ-सत्तर न खपलेल्या प्रती एकावर एक रचलेल्या होत्या. त्यांच्यामागे, सहा गठ्ठ्यांत, विस्कटलेली अठराशे कार्डे.

"जागा मात्र अक्कलहुशारीनं निवडलीत," मावशी म्हणाली. "इथे कुणी हात घालणार नाही, याची तुम्हाला पुरेपूर खात्री होती."

अध्यक्षांनी बडतर्फीचे पत्र चार तुकडे करून खिशात कोंबले. मग पेनाला टोपण लावले.

"बाई, संस्था तुमची अपराधी आहे," ते म्हणाले. "कोशावर संपादक म्हणून तुमचं नाव जाईल. यांच्याबाबत समिती काय तो निर्णय घेईल. तोवर ही कार्डं... पानांच्या क्रमानं पुन्हा लावायला कुणाला सांगू?"

बाईंनी गठ्ठ्यांकडे पाहिले, मग प्रमुखांकडे. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्या सरांसमोर खुर्ची ओढून बसल्या.

"सरांनाच सांगा," त्या म्हणाल्या. "फक्त ती सुधारलेली आवृत्ती त्यांच्याजवळून काढून घ्या."