बासष्ट किलोंचा पायलट

“बाई, येक सांगू का? रागवायचं तेवढं रागवा त्या पायलटावर, पन जीव लावू नगा. मानूस लई गुनाचा हाय… पन त्याला न्हाई म्हनता येत न्हाई.”

धावपट्टीचा राखणदार भिमाजी हे म्हणाला तेव्हा पुष्पावती रजिस्टरात रेघा आखत होती. मान वर न करताच ती म्हणाली, “भिमाजी, इथे माझ्या रेघा सरळ यायची पंचाईत आहे. जीव कुठे लावत बसू?”

आणि ते बोलणं तिने तिथल्या तिथे झटकून टाकलं, पदरावरची धूळ झटकावी तसं.

ही गोष्ट एकाहत्तर सालची, थंडी सरतानाची. गावाबाहेर, नेवाशाच्या रस्त्याला नगरपालिकेने मुरूम दाबून एक पट्टी केली होती. पत्र्याची शेड, काठीला बांधलेली, वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी आणि बाजार समितीतून उसना आणलेला पोती तोलायचा काटा. एवढ्याला सगळे विमानतळ म्हणत. कोणा बागायतदाराला, व्यापाऱ्याला घाईने मुंबई गाठायची असली की पुण्याच्या एका लहानशा कंपनीचं चार माणसांचं विमान भाड्याने बोलवायचं. नगरच्या कॉलेजातून बी. एस्सी. झालेली पुष्पावती तिथे नगरपालिकेची कारकून होती. बुकिंग लिहायचं, माणसं आणि सामान तोलायचं, बेरीज पायलटच्या हातात द्यायची. विमान किती पेलतं तो आकडा ठरलेला. त्यातून ऊन तापलं की हवा विरळ होते, विमानाला जास्त धावावं लागतं. आणि पट्टीच्या टोकाला होती बाभळींची रांग. त्या तोडायच्या का, यावर नगरपालिकेत तीन बैठका झाल्या होत्या. बाभळी जागच्या जागी होत्या.

गोरक्ष तिला पहिल्यांदा भेटला तोच चुकीच्या वेळी. ती बुकिंगची सुटी पानं शेडबाहेरच्या टेबलावर लावत होती आणि अर्ध्या तासाने यायचं ते विमान तेव्हाच येऊन थेट शेडसमोर वळलं. पंख्याच्या वाऱ्याने पानं भुर्रकन उडाली ती शेजारच्या ज्वारीत. पुष्पावती पदर खोचून मागे धावली. बांधावर पोचते तर समोरून एक उंच, उन्हाने रापलेला माणूस ज्वारीतून बाहेर येत होता. हातात पानं, केसांत ज्वारीचं पातं.

“एवढी सापडली,” तो म्हणाला.

“अर्धा तास लवकर आलात.”

“वारा पाठीशी होता.”

“वाऱ्याकडे घड्याळ नसतं. तुमच्या हातात आहे.”

त्याने खरंच घड्याळ पाहिलं आणि हसला. ते हसणं तिला मुळीच आवडलं नाही. फार सहज होतं.

“काट्यावर उभे राहा,” ती म्हणाली.

“मी? मी पायलट आहे.”

“म्हणून काय वजन नाही?”

“माझं वजन कंपनीच्या कागदावर लिहिलेलं आहे की.”

“कागद उडत नाही. तुम्ही उडता. चढा.”

त्याने ज्वारीकडे पाहिलं. मग हातातल्या पानांकडे. “कागद उडत नाहीत म्हणता…”

पुष्पावतीचे कान तापले. तो मात्र शहाण्यासारखा काट्यावर चढला, श्वास रोखून उभा राहिला. दांडी वरखाली होत होती आणि तो सरळ तिच्याकडे बघत होता. ती बघत होती दांडीकडे. फक्त दांडीकडे.

“बासष्ट.”

“चालेल का?”

“विमानाला चालेल,” ती म्हणाली आणि आकडा इतक्या जोरात लिहिला की निब वाकली.

मग आठवड्यातून एकदा तरी तो येऊ लागला. कर्जतकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा, शिष्यवृत्तीवर विमान शिकलेला, सगळ्यांशी गोड. प्रत्येक वेळी काटा, प्रत्येक वेळी भांडण. मार्चमध्ये एकदा काटा त्रेसष्टवर गेला.

“एक किलो वाढलं.”

“कंपनीच्या जेवणाने असेल.”

“आठ दिवसांत? खिसे रिकामे करा.”

त्याने मुकाट्याने कोटाच्या खिशांतून दोन पुड्या काढून टेबलावर ठेवल्या. सासवडचे अंजीर. “तुम्हालाच होते,” तो पुटपुटला. “नुसते दिले असते तर… घेतले नसते तुम्ही.”

पुष्पावतीने रजिस्टरात लिहिलं – अंजीर, एक किलो, उतरवले. तिन्हीसांजेला घरी जाताना एस.टी.त तिने ते एकेक करून सगळे खाल्ले. रागानेच खाल्ले. शेवटचा मात्र हळू खाल्ला.

पण भिमाजी म्हणाला ते खरं होतं. गोरक्षला नाही म्हणता येत नसे. तोलून झाल्यावर कोणी तुपाचा डबा पुढे करी, कोणी तांदळाचं पोतं. आपल्याकडे कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत, मग विमानाने जाताना कसं जावं? आणि हा हसून म्हणे, “ठेवा, बघू.” एप्रिलमध्ये एका व्यापाऱ्याच्या सुनेने ऐन वेळी शिवणयंत्र आणलं. पुष्पावती नको म्हणेतो ते आत गेलंही. विमान पट्टीच्या टोकापर्यंत धावत गेलं, उठलं, पुन्हा बसल्यासारखं झालं… बाभळींचे शेंडे हलले. मग ते दिसेनासं झालं. पार तिसऱ्या प्रहरी मुंबईहून फोन आला, पोचले. तोवर तिने घोटभर पाणीही घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परतलेल्या विमानाच्या चाकात एक हिरवी फांदी अडकलेली होती. तिने ती ओढून काढली. बोटाला काटा लागला, तिकडे तिने पाहिलंही नाही.

“हे काय आहे?”

“बाभूळ.”

“मला वनस्पतीशास्त्र शिकवू नका.”

“अहो, त्या बाई म्हणाल्या, एवढंच घ्या. लेकीसाठी नेत होत्या. मी काय म्हणणार?”

“नाही म्हणणार. दोन अक्षरं आहेत.”

“आमच्या घरात कधी दारी आलेल्याला…”

“तुमचं घर जमिनीवर आहे.”

तिच्या बोटातून रक्त येत होतं. त्याने रुमाल पुढे केला. तिने तो घेतला नाही, ती फांदी मात्र टेबलाच्या खणात ठेवली आणि खण धाडकन लावला. त्या दिवशी तिने कुलूप तीनदा ओढून पाहिलं. रागाने, असं तिने स्वतःला सांगितलं. भिमाजी लांबून बघत होता. त्याचाही तिला राग आला.

मे महिन्यात काकासाहेबांची एकसष्टी झाली. तालुक्यातलं मोठं प्रस्थ. बाजार त्यांचा, नगरपालिकेतली निम्मी डोकी त्यांची. चौकात मंडप घालून त्यांची गूळतुला केली. एका पारड्यात काकासाहेब, दुसऱ्यात गुळाच्या ढेपी. लाऊडस्पीकरवरून सगळ्या गावाला सांगितलं – शहाण्णव किलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांचं मुंबईचं विमान होतं. सत्कारवाले सोडतील तर ना. ते मेहुणे सूर्यभान यांच्यासह आले तेव्हा साडेबारा वाजले होते. पत्र्याची शेड भट्टीसारखी तापली होती, वाऱ्याची पिशवी काठीला लोंबत होती.

“काट्यावर या, काकासाहेब,” पुष्पावती म्हणाली.

“अगं पोरी, मी काय ज्वारीचं पोतं हाय का? लिही, ऐंशी.”

“शहाण्णव. काल मीही होते चौकात.”

भिमाजीने घाईघाईने वाऱ्याच्या पिशवीकडे बघायला सुरुवात केली.

“ती गूळतुला व्हती. मान व्हता तो.”

“तो मान होता. हा जीव आहे.”

सूर्यभान अठ्ठ्याहत्तर. गोरक्ष बासष्ट. बेरीज दोनशे छत्तीस, आणि मर्यादा अडीचशेची. तिने टाक खाली ठेवला, तोच जीपमधून पोती उतरू लागली. कालच्या गुळाच्या ढेपी. मुंबईत थोरामोठ्यांना भेट द्यायच्या होत्या. दोघा गड्यांनी बघता बघता त्या मागच्या कप्प्यात कोंबल्या. विमानाची शेपटी खाली झुकली.

“गोरक्षराव,” पुष्पावती म्हणाली, “एक काकासाहेब खुर्चीत बसणार आणि दुसरे शेपटीत. दिसतंय ना?”

गोरक्षने शेपटीकडे पाहिलं. बाभळींकडे पाहिलं. मग काकासाहेबांकडे… आणि ते नेहमीचं हसू त्याच्या ओठांवर आलं. “बघू. इंधन थोडं कमी घेऊ… जमवू.”

पुष्पावतीच्या डोक्यात सणक गेली. चपला काट्यापाशी काढल्या, काट्यावर चढली, दांडी स्वतःच सरकवली. मग रजिस्टरात लिहिलं – पुष्पावती, एक्कावन्न. आणि चालत जाऊन विमानाच्या चौथ्या खुर्चीत बसली.

“बाई, हे काय?” गोरक्ष धावत आला.

“जमवणार आहात ना? एवढ्यात काय होतंय, आणखी एक्कावन्न घ्या.”

“उतरा.”

“का?”

“उतरा म्हणतो ना.”

“कारण सांगा.”

त्याच्या कपाळावरून घाम वाहत होता. हसू कुठच्या कुठे गेलं होतं. बिनहसूचा त्याचा चेहरा ती पहिल्यांदाच बघत होती. “न्हाई झेपायचं,” तो म्हणाला. घाबरला की त्याची कर्जतची बोली बाहेर येई.

“मोठ्याने सांगा. काकासाहेबांना ऐकू जाऊ द्या.”

तो वळला. “काकासाहेब… न्हाई. गूळ येनार न्हाई. ऊन उतरल्याबिगर इमानही उठनार न्हाई.”

काकासाहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग काळा. “तुझी ही वारी शेवटची, पोरा,” ते शांतपणे म्हणाले. “पुण्याला फोन करायला मला उशीर लागत न्हाई.” गूळ परत जीपमध्ये गेला, मागोमाग मेहुणे, मागोमाग काकासाहेब. जीप चाकांवर दबत, धूळ उडवत, मुंबईची आगगाडी गाठायला मनमाडच्या रस्त्याला लागली.

पुष्पावती अजून विमानातच बसून होती.

“नोकरी गेली माझी,” तो पायरीशी येऊन म्हणाला.

“जाऊ दे. तुम्ही राहिलात.”

“आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटलं. तेही तुमच्यामुळे.” त्याने बाहीने घाम पुसला. “आता… एकदा होय ऐकायचं होतं.”

“कोणाकडून?”

“चौथ्या खुर्चीतल्या बाईंकडून.”

“मी अजून रागात आहे.”

“रागातच सांगा.”

तिने बाभळींकडे पाहिलं. एकही शेंडा हलत नव्हता. “…होय,” ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं, आणि रडू फुटल्याचा आणखी राग आला. भिमाजीने तिच्या चपला आणून पायरीशी ठेवल्या. “म्या सांगितलं व्हतं, बाई,” एवढंच बोलून तो गेला.

आता त्र्याहत्तर साल. दोघांचं लग्न झालं, पुष्पावती कोल्हारला दोन खोल्यांत राहते. मुलगी चांगुणा आठ महिन्यांची. दर रविवारी लेक वाण्याच्या तागडीत बसते आणि आकडा वहीत उतरतो. बाभळीची ती फांदी, वाळलेली, देवाच्या फोटोमागे आहे. गोरक्षला दुसऱ्या कंपनीने घेतलं. गेले चार महिने तो पूर्वेकडे दुष्काळाच्या मुलखात डॉक्टर आणि औषधं नेतोय. परतताना आजारी माणसं आणतो. मागच्या पत्रात त्याने लिहिलंय, ‘इकडे माणसं इतकी हलकी झालीत की पाच जण घेतले तरी चौघांचंच वजन भरतं. तरी पट्टीवर आणखी उभेच असतात. कोणाला मागे ठेवायचं, तू सांग.’

ते पत्र तिने तीनदा वाचलं. तिला काही सांगता आलं नाही, याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. तिने उलट टपाली एकच ओळ पाठवली – ‘तुमचं वजन कळवा.’ त्याचं उत्तर आलेलं नाही. अंगावर पिणारं लेकरू घेऊन तिला तिथवर जाता येत नाही.

म्हणून तुमच्यापैकी कोणाचं त्या बाजूला जाणं झालं, आणि एखाद्या मुरमाच्या पट्टीवर रापलेल्या तोंडाचा, सहज हसणारा पायलट दिसला, तर एवढं करा. जवळपास काटा असेलच, पोती तोलायचा. त्याला त्यावर उभं करा. तो म्हणेल, कंपनीच्या कागदावर लिहिलंय; ऐकू नका. बासष्ट भरले पाहिजेत. जास्त भरले तर खिसे बघा, आणि आत जे असेल ते तसंच राहू द्या. कमी भरले, तर त्याचा डबा रोज कोण खातं ते विचारा, आणि आकडा पुष्पावतीला कळवा. खरा आकडा. ती रागावेल. रागावू दे.