सतराव्या खुंटीवरचा माणूस

वात जरा वर कर, आणि माझं सांगून होईपर्यंत हसू नकोस. कॉलेजात भुताच्या गप्पा निघाल्या की सगळ्यांत मोठ्यानं मीच हसायचो, हे तुला माहीत आहे. शिवाय ही रात्रीची गोष्टच नाही. दुपारी तीनची, लख्ख उन्हातली आहे.

गोदामांपासून नव्या धक्क्यापर्यंत रेल्वे न्यायची म्हणून खाडीत दगडमातीचा भराव टाकलाय. त्यावर माझी नेमणूक झाली. काम साधं. भरावावर दर शंभर फुटांवर एक खुंटी. एकानं खुंटीवर आकडे रंगवलेली उंच पट्टी उभी धरायची, मी लांबून तिवईवरच्या दुर्बिणीतून आकडा वाचायचा, म्हणजे जमीन किती वर, किती खाली ते कळतं. पट्टीवाला पट्टी हलकेच पुढे-मागे झुलवतो. त्यातला सर्वांत कमी आकडा खरा. आणि एक लक्षात ठेव, या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. जमीन वर, आभाळ खाली, आणि माणसं जमिनीला पाय लावून लटकलेली. पहिले चार दिवस गरगरतं, मग सवय होते.

बाकीच्या खुंट्या जागच्या जागी होत्या. सतरावी मात्र रोज बोटभर खचत होती.

माझा संशय सरळ मुकादमावर. दगडाच्या जागी यानं चिखल भरला असणार. मी सतराव्या खुंटीकडे निघालो की हा कुठून तरी उगवायचाच.

"नवा भराव बसतोच, रावसाहेब. तुम्हीपण बसा जरा सावलीला."

"सोळावी बसत नाही, अठरावी बसत नाही. हीच का?"

"आता जमिनीच्या मनातलं मला काय ठाऊक?" असं म्हणून तो हसायचा, पण नजर माझ्या वहीवर.

माझा पट्टीवाला सहा फुटांच्या वर, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत. तो सतराव्या खुंटीपाशी आला की दूर रुळांखालच्या लाकडी स्लीपरवर उभा राहायचा आणि हात लांबवून पट्टी धरायचा.

"अरे, तिरकी होतेय. जवळ जा की. खुंटी चावते का तुला?"

"चावत नाही, दादा..." तो म्हणाला. "टेकते."

मी त्याला मूर्खात काढलं. मला घाई होती. शनिवारी भरावावरून पहिलं इंजिन जायचं होतं, नुसतंच, चाचणीसाठी. सोमवारी कोळशानं भरलेली आख्खी गाडी. दोन्ही चालवणार होते माझे भावोजी. ताईला सातवा महिना लागलाय. आणि भराव पक्का असल्याचा दाखला कामावरच्या साहेबाला माझ्या सहीनं हवा होता.

शुक्रवारी ओहोटीच्या वेळी मी शेवटचे आकडे घ्यायला बसलो. खाडीचा कुजका वास येत होता, वारा पार पडलेला. सोळावी झाली. दुर्बीण सतरावीवर वळवली, तर पट्टी अगदी सरळ उभी. मी मनात म्हटलं, आला एकदाचा लंबू वठणीवर. पट्टी हळूहळू झुलत होती. पुढे... मागे... पुढे... मी आकडा वाचला, वहीत टिपला, आणि माझा हात थांबला. आकडा वाचायला मला जराही त्रास झाला नव्हता. तो सुलटा होता.

मागून आवाज आला, "दादा, पाणी आणलंय. प्या."

लंबू माझ्या पाठीशी उभा होता. पट्टी त्याच्या खांद्यावर.

मी मान वर करून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. सतराव्या खुंटीवर कोणी नव्हतं. पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. होता. रुळांच्या रेषेवर, दुर्बिणीत जिथं जमीन दिसते तिथं, सरळ उभा. कळतंय ना तुला? या दुर्बिणीत जो सुलटा दिसतो, तो खरा उलटा असतो. डोकं खाली, पाय वर. भरावाच्या आत.

मी तसाच चालत गेलो आणि खुंटीला लागून उभा राहिलो. चपलेच्या पातळ तळातून मला खालून दोन पाय लागले. तळव्याला तळवा. गार. आणि मग ते हलकेच दाबू लागले...

"टेकलं ना?" लंबूनं विचारलं.

मुकादमाला मी स्लीपरच्या ढिगाआड गाठलं. या खेपेला तो हसला नाही.

"लंबूच्या आधीचा पट्टीवाला," तो म्हणाला. "भरतीच्या आत भराव जोडायचा हुकूम होता. वरून दगडमातीचे डबे उलटत होते. तो खाली खड्ड्यात वाकून पट्टी लावत होता. एक डबा लवकर उलटला. मी हात वर केला, थांबा म्हणून. साहेबानं घड्याळ पाहिलं..."

"मग?"

"मग पुढचा डबा आला."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"तुम्ही ओरडून बघा, रावसाहेब. आवाज कुठवर जातो ते."

मी ओरडलो. साहेबाच्या टेबलावर हात आपटून ओरडलो. त्यानं शांतपणे एक तास दिला, सतरावी खणायला. पाच जणांनी दोन पुरुष खोल खणलं. पट्टी सापडली, उभी, आकडे उलटे. माणूस नाही. कपड्याची चिंधीसुद्धा नाही. खड्ड्यात पाणी भरायला लागलं. साहेबानं पट्टीकडे बोट दाखवून विचारलं, "हाच का तुमचा माणूस?" सगळे हसले. लंबू तेवढा हसला नाही.

आणि मी सही केली. तसा बघू नकोस माझ्याकडे. कॉलेजात सभा गाजवणाऱ्या माझ्या हातात पुराव्याला एक पट्टी होती, बाकी काही नाही.

संध्याकाळी भावोजींना म्हटलं, "उद्या नाही म्हणा."

"मेहुणे, सही तुमचीच ना?" ते हसत म्हणाले. "तुमच्या सहीवर नाही, तर कुणाच्या सहीवर गाडी हाकायची?"

शनिवारी मी लांबून दुर्बीण लावून बसलो. इंजिन आलं, नेहमीसारखं उलटं, धूर खाली ओघळत होता. सोळावी गेली. सतरावीवर कोणी नव्हतं, आणि भराव तसूभरही हलला नाही. मी श्वास सोडला. भावोजींनी बाहेर वाकून मला हात केला.

इंजिन उलटं होतं. कोळसेवाला उलटा होता. भावोजी सुलटे होते.

घरी आले, पोटभर जेवले, गाढ झोपले. आज सकाळी ताई त्यांचे बूट पुसायला बसली आणि तिनं मला हाक मारली. "हे काल भरावावर खाली उतरले होते का रे?"

नव्हते. मी पूर्ण वेळ पाहत होतो. बुटांच्या तळांना ओला चिखल होता, आणि चिखलात उघड्या पायांची पाच-पाच बोटं उमटलेली. मी ती पुसून टाकली. दुपारी पाहिलं, तर पुन्हा ओली.

उद्या सकाळी सात वाजता भरलेली गाडी सुटेल. सही मागे घेतल्याचा कागद मी लिहिलाय. खाली त्या माणसाचं काय झालं तेही लिहिलंय. मुकादम अंगठा द्यायला तयार नाही, लंबूनं दिलाय. साक्षीदार म्हणून तुझी सही हवी. नोकरी जाईल माझी, जाऊ दे. सहाच्या आत हा कागद बंदराच्या मोठ्या अधिकाऱ्याच्या दारात पोचला पाहिजे.

हा घे टाक, सही कर. इथं, माझ्या नावाखाली.

हो, ही खोलीसुद्धा भरावावरच आहे, गेल्या वर्षीच्या. इथली सगळी वस्तीच तशी आहे. का विचारतोस?

...तू मघापासून पाय वर का घेऊन बसलायस?